पांढरी एक

मेहरूण, जळगाव
१२ फेब्रुवारी

जय भीम. आधी 'सप्रेम' लावत नाही, सध्या ते खोटं ठरेल.

आजच्या काळात स्वतःच्या नवऱ्याला पोस्टानं पत्र घालणारी अख्ख्या जळगावात मी एकटीच असेन. पाकीट घ्यायला गेले तर पोस्टातल्या बाईंनी विचारलं, "कोर्टाचं आहे का? मग रजिस्टर करा." म्हटलं, नाही हो, धुळ्याला, नवऱ्याला. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच पळून आलेय जणू. पळालात तुम्ही, तेही नणंदेच्या घरी, आणि लाज मला.

दुसरा मार्ग तरी कुठं ठेवलात? माझा नंबर ब्लॉक. साक्षीचा ब्लॉक केला नाहीत हे खरं, पण पोरीच्या बारावीच्या परीक्षेत तिच्या फोनवरून आई-बापाची भांडणं चालवायची, एवढी काही मी खालच्या थराला गेलेली नाही. तेव्हा वाचा आता माझं अक्षर.

मुद्द्याचं बोलते. पेटी परत पाठवा.

चोपड्याच्या स्टँडवर मला जळगावच्या गाडीत बसवलंत, माझी पिशवी वर रॅकवर ठेवलीत, पाण्याची बाटली हातात दिलीत, आणि मग बाजाची पेटी कडेवरच्या पोरासारखी घेऊन समोरच्या धुळ्याच्या गाडीत चढलात. मला वाटलं, जागा बघायला चढले असतील. गाडी हलली तेव्हा कळलं. नवल तबला मांडीवर घेऊन शेजारी बसला होता, तो म्हणतो, "ताई, भाऊंची गाडी चुकली का?" माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की त्या बिचाऱ्याला 'एरंडोलला उतरवून देईन' असं काहीतरी भलतंच बोलले, आणि आमची गाडी तर एरंडोलवरून जातही नव्हती.

आता काय झालं ते तुम्ही धुळ्यात अक्कांना तुमच्या सोयीनं सांगितलंच असेल. म्हणून मी माझ्या बाजूनं लिहून ठेवते. रमाई जयंतीचा कार्यक्रम, चोपड्याचं एवढं मोठं मैदान, बायका पुढं सतरंजीवर. माझं पहिलंच गाणं. त्याची पहिली ओळ रिषभावर उभी राहते हे तुम्हाला माझ्या आधीपासून ठाऊक, कारण चाल तुमची. मी रिषभ लावला, आणि पेटीतून तो खाली पडलेला आला. फार नाही, केसभर. पण मी वर आणि पेटी खाली, आणि मधे ती घाणेरडी थरथर. मला वाटलं, माझाच गळा गेला. दुसऱ्यांदा लावला, तेच. मग बोटाखाली बघितलं तर पांढरी एक, पेटीची तीच पट्टी पडलेली. आणि तुम्ही मंचाच्या कडेला उभे राहून चपलेचा अंगठा नीट करताय.

साक्षीची नखं घासायची कानस घेऊन तुम्ही दुपारी, मी जेवत असताना, पेटी उघडून त्या पट्टीखालची पितळेची पत्ती घासलीत. न विचारता. न सांगता. मी गायला बसायच्या दोन तास आधी! "अहो, पेटीला काय केलंत?" एवढंच मी म्हणाले. माइक चालू होता हे मला काय माहीत?

असो. १४ एप्रिलला फैजपूर आहे. वाल्मीकभाऊंचा फोन येऊन गेला. जयंती समितीत यंदा नवी पोरं आली आहेत, त्यांना डीजे हवाय. वाल्मीकभाऊ एकटे आपल्यासाठी भांडताहेत. म्हणाले, "शिल्पाताई, जोडी पाहिजे. दोघांतलं एकच कुणी असलं तर मी कमिटीपुढं तोंड उघडू शकत नाही." लग्नाच्या वर्षापासून आपण फैजपूर चुकवलेलं नाही. यंदा चुकलं तर पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही, आणि मग आपण दोघं एका मंचावर बसायला दुसरं निमित्तही उरणार नाही. हे तुम्हाला समजतंय ना?

पेटी पाठवा. आणि मागोमाग तुम्ही या. क्रम उलटा झाला तरी चालेल.

शिल्पा


जळगाव
२३ फेब्रुवारी

तुमचं कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एक ओळ. "पेटी नानांनी घेतलेली आहे."

घेतली ना. नानांनीच घेतली. ते मला सून म्हणून बघायला आले तेव्हा त्यांनी चहाच्या आधी पेटी पुढं सरकवली होती, हे मी विसरेन होय? पण ती जशी कारखान्यातून आली होती तशी आज आहे का, तेवढं सांगा. पेटी नानांची. सूर माझे.

तुम्हाला हे सगळं पाठ आहे, तरी लिहिते, कारण माणूस रागावला की सोयीचं तेवढं विसरतो. कारखान्याच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात, वाण्यानं साबणाची लांब वडी दोऱ्यानं कापावी तसे. सारखे, म्हणून कुठल्याही पट्टीत गा, अडत काही नाही. पण बरोबरही काही नाही! गंधार तर इतका चढा की तानपुरा चालू असताना वाजवला की घासात खडा आल्यासारखं होतं. लोकांना सवय झालीय, त्यांना तो खडाच भात वाटतो. मला नाही चालत. ज्या बाईंकडं मी शिकले त्यांनी पेटीला हात लावू दिला नाही, चार वर्षं तानपुऱ्याशेजारी बसवलं. तो खरा गंधार एकदा कानात बसला की जात नाही, त्याला मी काय करू?

म्हणून नव्या नवरीनं हौसेनं साड्या घ्यायच्या त्या दिवसांत मी पेटी सुरात लावून घ्यायला नजीरभाईंच्या दुकानात नेली. माझी पट्टी काळी पाच. त्या षड्जापासून एकेक स्वर तानपुऱ्याशी लावून घेतला. दोन सूर एकत्र धरले की लाट येते, वाव वाव वाव, ती लाट पुरती निजेपर्यंत नजीरभाई पत्ती घासत होते. तुम्ही शेजारी स्टुलावर बसला होता. गंधार लागला तेव्हा "वा" कोण म्हणालं? मी नाही म्हणाले.

आणि तुमचं काही वाईट झालं का त्यात? तुमची पट्टी काळी दोन. माझा षड्ज तो तुमचा पंचम. तुमचा रिषभ चोख, गंधार चोख, मध्यम, पंचम, निषाद, सगळे माझ्याच सुरांतून तुम्हाला आयते मिळाले. अडलं ते फक्त एका ठिकाणी, मधल्या पांढरी एकला. ती पट्टी माझा रिषभ आणि तीच तुमचा धैवत. तुम्हाला हवा तो धैवत केसभर उतरलेला. पत्ती तेवढी उतरवली की माझा रिषभ मेला. पितळेची एक पत्ती एका वेळी एकाच जागी असणार. हे मी ठरवलेलं नाही. सुरांचा हिशेबच तसा आहे, तो काही नानांनाही सोडवता आला नसता.

यात माझा काय गुन्हा? बारापैकी एक तुम्हाला नीट मिळत नाही, तर पेटी घेऊन माणूस घर सोडून जातो?

अक्कांचा काल फोन आला. त्यांनी मला ब्लॉक केलेलं नाही, आभार. म्हणाल्या, "शिल्पा, तुना नवरा आठे पेटी लिसन बसस अन् एकच पट्टी दाबस. दिनभर तेच चालू शे. मना कान किटी ग्यात. त्याले लई जाय, नही ते ती पेटी लई जाय!" मी म्हटलं, अक्का, दोन्ही न्यायची तयारी आहे, पण तुमचा भाऊ फोन घेत नाही. त्या म्हणाल्या, "तो माले भी काही सांगस नही." मग आम्ही दोघी थोडा वेळ तुमच्याविषयी बोललो. ते इथं लिहीत नाही.

एक विचारायचं आहे. दिवसभर ती एकच पट्टी कशाला दाबता? माझा रिषभ ऐकता की तुमचा धैवत?

शिल्पा


जळगाव
८ मार्च

या खेपेला कार्डसुद्धा नाही. ठीक आहे. गप्प बसून समोरच्याचा जीव खायचा ही तुमची जुनी खोड. मी मात्र लिहिणार, कारण मला कुणाला तरी हे सांगायला हवंय आणि घरात साक्षी भौतिकशास्त्राचं पुस्तक डोक्यावर घेऊन फिरतेय.

तुमच्या पेटीवाचून काय चाललंय ते ऐका. शाळेतला कीबोर्ड घरी आणला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "घेऊन जा की, त्यात सगळं आहे, बासरी आहे, सनई आहे." खरंच सगळं आहे, फक्त सूर नाही. मी पहिली ओळ लावली, गंधार आला आणि तोंड वाकडं झालं. नवल समोर तबला लावत बसला होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला. सूर मोजायचं कसलंसं ॲप घेतलंय त्यानं, आता प्रत्येकाला मोजत सुटलाय. माझ्या तोंडापुढं मोबाइल धरून म्हणतो, "ताई, गंधार द्या." दिला. काटा लाल. "ताई, चौदा घरं खाली आहे तुमचा गंधार." मी म्हटलं, चौदा खाली आहे म्हणूनच तो गंधार आहे, वर असता तर तुझा कीबोर्ड झाला असता. तो काट्याकडं बघतो, माझ्याकडं बघतो, पुन्हा काट्याकडं बघतो. मी तानपुरा लावला आणि तोच गंधार पुन्हा दिला. आता ऐक म्हटलं, बघू नको. ऐकलं त्यानं. मान हलवली. आणि मग म्हणतो, "पण लाल का दाखवतंय?" मी कपाळाला हात लावला.

मग गेले नजीरभाईंकडे. म्हटलं, दुसरी पेटी भाड्यानं द्या, महिनाभरासाठी माझ्या पट्टीला लावून. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मग हळूच एक पेटी पुढं ओढली. स्केल चेंजर. "भाभी, ये लो ना. पट्टी सरकती है. तुम गाओ तब इधर, जीवनभाऊ गाये तब उधर. झगडा खतम."

तुम्ही असता तर विकत घेऊन मोकळे झाला असता. मी विचारलं, नजीरभाई, वरची पट्टी सरकते, पण खालच्या पत्त्या सरकतात का? पत्त्या तर ज्या षड्जाला लावल्या त्यालाच लावलेल्या राहणार. ते हसले आणि पेटी परत मागे ढकलली. "तुम्हारे को नहीं बिकनेवाली," म्हणाले. एवढी वर्षं ओळख, आणि मलाच गंडवायला निघाले होते!

नंतर जरा ओशाळून त्यांनी चहा मागवला. म्हणाले, एक उपाय आहे, ती पत्ती मधोमध लावू. थोडा तुमचा रिषभ उतरेल, थोडा त्यांचा धैवत चढेल, लोकांना कळणार नाही. मी म्हटलं, म्हणजे दोघंही बेसूर, आणि याला समेट म्हणायचं? त्यांनी खांदे उडवले. "घर में तो ऐसाच चलता है, भाभी." त्यांच्या घरात चालत असेल. त्यांच्या बायकोला, हसीनाबींना विचारायला हवं.

आणखी एक सांगितलं त्यांनी, ते नीट वाचा. पत्ती बुडाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो, पण दोन्हीकडून पितळच जातं. तुम्ही त्या कानशीनं किती घासलंय कुणास ठाऊक. ते म्हणाले, ही पत्ती फार तर आणखी एक हात सोसेल, मग एखाद्या दिवशी गाताना तुटेल. तेव्हा पुन्हा हात लावू नका. मी सांगत नाही, नजीरभाई सांगताहेत.

शिल्पा


जळगाव
२२ मार्च

चार पानं! दोन्ही बाजूंनी! लग्न ठरल्यावरसुद्धा तुम्ही मला एवढं लिहिलं नव्हतं.

मी ते शाळेतून आल्या आल्या पर्स खांद्यावरच ठेवून उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. साक्षीनं विचारलं, "पप्पा काय म्हणतात?" म्हटलं, धैवताविषयी लिहिलंय. ती म्हणाली, "चार पानं?" आणि दार लावून घेतलं. तिचा शेवटचा पेपर संपला. आता ती माझ्याशीही बोलत नाही, तुमच्याशीही नाही. म्हणते, तुम्ही दोघं एका पट्टीसाठी भांडता हे मैत्रिणींना सांगू कसं.

आता तुमच्या पत्राचं. तुम्ही लिहिता, गेल्या वर्षी यावलच्या कार्यक्रमानंतर पाणी प्यायला मंडपामागं गेलात, तिथं दोन माणसं बोलत होती, "बाई चांगली गाते, माणसाचा सूर जरा चढतो." आणि तुम्ही तिथंच उभे राहिलात, पाणी न पिता परत आलात. लिहिता की तेव्हापासून चालींमधून धैवत काढून टाकायला लागलात. जिथं धैवतावर थांबायचं तिथं पंचमावर थांबलात, जिथं टाळता येईना तिथं आवाज बारीक केलात. म्हणजे गेलं वर्षभर तुम्ही अर्धा गळा झाकून गात होता आणि मला वाटत होतं, माणूस आळशी झालाय, चाली सोप्या करतोय. तसं मी तुम्हाला बोललेही होते. तेव्हा काय झालं होतं तोंड उघडायला? तोंड गायलाच दिलंय का?

तुम्ही लिहिता, सांगितलं होतं. पारोळ्याला चहाच्या टपरीवर. आणि मी म्हणाले, "गळ्यानं सांभाळून घ्या." मला आठवत नाही. म्हणाले असेन. चहाच्या टपरीवर माणूस असं काही सांगतो का, गाडी हॉर्न वाजवत असताना!

आणि चोपड्याचं ते दुसरं वाक्य. "इतकी वर्षं गातात आणि एक धैवत सांभाळता येत नाही." हो, म्हणाले. पण ते मी नवलला म्हणाले होते, तुम्हाला नाही. माइकनं ते सगळ्या मैदानाला सांगितलं यात माइकवाल्याचा दोष. सतरंजीवरच्या बायका हसल्या असं तुम्ही लिहिता. मला ऐकू आलं नाही. माझ्या कानात तो पडलेला रिषभच वाजत होता.

पण तुमच्या तिसऱ्या पानावर ते एक वाक्य आहे, ते वाचून मला राग आला. बाकी सगळ्याचा नाही आला इतका त्याचा आला. "तुझ्या पेटीत मला जागा नाही." अहो, डोकं फिरलंय का तुमचं?

वाल्मीकभाऊंनी परवा भुसावळचा एक गायक पाठवला होता. म्हणाले, जीवनभाऊंचं काही कळत नाही, तोवर याला ऐकून तर घ्या. आला बापडा, नव्या शर्टात. आवाज छान आहे, खोटं कशाला बोलू. कीबोर्डवर गायला तेव्हा बरा वाटला. त्याची पट्टी काळी एक. तो गेल्यावर मी तानपुरा लावून आपल्या पेटीचे सगळे सूर एकेक करून गळ्यानं लावले आणि त्याच्या षड्जावरून मांडून बघितले. त्याचा पंचमच मोडका निघाला. पंचम! जो कुणाचा चुकत नाही तो. मग मी उगाच एकेक पट्टी धरून बघत बसले, ही धरली तर काय होईल, ती धरली तर काय. कुणाचे तीन सूर तुटतात, कुणाचे पाच. तुमचा एक. फक्त एक. सगळ्या खान्देशात माझ्या सुरात इतका बसणारा माणूस मला मिळाला आणि तो लिहितो, मला जागा नाही.

भुसावळकराला नको सांगितलं. वाल्मीकभाऊ चिडले. म्हणाले, "मग तुमच्या यजमानांना आणा, नाहीतर यंदा पोरांचा डीजे वाजणार. पाच तारखेपर्यंत सांगा."

या. चार पानं लिहू नका, गाडीत बसा. पांढरी एकचं काय करायचं ते आपण दोघं मिळून बघू. भांडू हवं तर, पण समोरासमोर. पत्रात मला तुमचा चेहरा दिसत नाही आणि त्यामुळं मी जास्तच बोलते.

शिल्पा


जळगाव
४ एप्रिल

पार्सल मिळालं.

एसटीच्या पार्सल ऑफिसमधून निरोप आला, धुळ्याहून खोकं आहे. मी आणि साक्षी रिक्षानं गेलो. बाहेर त्रेचाळीस अंश. मला वाटलं, खोकं आलंय म्हणजे मागच्या गाडीनं माणूस येतोय. मी साक्षीला म्हटलंसुद्धा, थोडं थांबू या का? आम्ही दोघी तिथं बाकावर बसून धुळ्याच्या दोन गाड्या बघितल्या. दुसऱ्या गाडीनंतर तीच म्हणाली, "मम्मी, चल."

घरी येऊन पेटी उघडली. झाकणाला तेल लावलंय. भात्याच्या फाटक्या कडेला नवं चामडं. सुरेख. मी काळी पाच धरली आणि पांढरी एक दाबली. रिषभ. जसा होता तसा, अगदी तिथं, एक लाट नाही. मला इतका आनंद झाला की मी पुरी ओळ गायले, आणि दुसरी ओळ गाता गाता माझं बोट काळी दोनवर गेलं, तुमच्या कडव्यासाठी. आणि मग मला कळलं तुम्ही काय केलंत.

तुम्ही पत्ती परत माझ्यासाठी चढवलीत. सोसायची तिची शेवटची ताकद माझ्या रिषभाला दिलीत. आता ती पुन्हा उतरवता येणार नाही, हे नजीरभाईंचं बोलणं मीच तुम्हाला कळवलं होतं. म्हणजे या पेटीवर तुम्ही आता कधीच गाणार नाही. माझं मला परत दिलंत आणि स्वतःला त्यातून पुसून काढलंत. वर एक चिठ्ठीसुद्धा नाही.

नवल आला, त्यानं मोबाइल लावून बघितलं आणि म्हणाला, "भाऊंनी किती चांगलं केलं ना ताई!" मी त्याला घरी जा म्हटलं.

अक्कांना फोन केला. म्हणाल्या, "तो फैजपूरले येस नही म्हणस. म्हणस, आते तिले मनी गरज नही." आणि अक्का रडल्या. मला रडणाऱ्या माणसाचं काय करायचं कळत नाही, मी फोन ठेवला आणि मग मीही रडले. एवढा चांगुलपणा कुणी सांगितला होता? मी पेटी मागितली होती. असली पेटी नव्हती मागितली. भांडणाऱ्या माणसाशी मी भांडू शकते. असं सगळं देऊन टाकून दार लावून बसलेल्या माणसाचं मी काय करायचं?

तुमचा मला इतका राग आलाय की लिहिताना अक्षर बिघडतंय.

शि.


जळगाव
८ एप्रिल

अहो,

नजीरभाईंकडं जाऊन आले. त्यांना म्हटलं, मधल्या पांढरी एकची पत्ती काढा. म्हणाले, "बदलनी है?" नाही, काढायची आहे. "फिर उस जगह?" काही नाही. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "भाभी, दात निकालना है क्या पेटी का? अच्छी भली पेटी है, जीवनभाऊने कितना मेहनत किया इसपे." मी म्हटलं, त्यांच्या मेहनतीचं मी बघते, तुम्ही पेचकस घ्या. कुरकुर करत त्यांनी दोन बारीक स्क्रू काढले, पत्ती माझ्या तळहातावर ठेवली आणि खालच्या भोकावर चामड्याचा तुकडा चिकटवला, म्हणजे हवा जायला नको. वाजवून बघितलं. पांढरी एक दाबली की लाकडाचा टक असा आवाज येतो, बस्स.

घरी येऊन मी गायले. रिषभ आला, तिथं बोटाखाली पेटी मुकी झाली, आणि माझा गळा पोचला की बरोबर जागेवर. तानपुरा होता ना शेजारी. मग मी तुमचं कडवं धरलं. मला तेवढं खाली जमत नाही, पण हळू म्हटलं. पेटीवर काळी दोन, मी गुणगुणत वर आले, पंचम, मग धैवत. आणि तो आपोआप केसभर खाली लागला. तुमचा धैवत. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा ऐकला, कारण एरवी पेटी माझ्या रिषभानं त्याला दाबून टाकायची. सुंदर आहे हो तो. तुम्ही वर्षभर झाकून ठेवलात आणि मी त्याआधीची सगळी वर्षं ऐकलाच नाही. साक्षी आतून बाहेर आली आणि म्हणाली, "हे पप्पांचं आहे ना?"

वाल्मीकभाऊंना पाच तारखेलाच सांगून टाकलं होतं, जोडी येतेय. तुम्हाला न विचारता. तुम्ही मला न विचारता पत्ती घासलीत, फिटंफाट. त्यांनी पोस्टर छापलंय, दोघांची नावं आहेत, तुमचा फोटो जुना घेतलाय, केस होते तेव्हाचा.

मी चौदाला फैजपूरला बसणार. माझं गाईन. तुमचं कडवं आलं की काळी दोन धरून पेटी वाजवत राहीन आणि गाणार कुणी नाही, भुसावळकर नाही, मीही नाही. तेवढा वेळ सगळं फैजपूर तुमची वाट बघेल, आणि मीही बघेन, मंचावर, सगळ्यांसमोर. मला त्याची लाज वाटणार नाही. तुम्ही नसलात तर मला सूर मिळतो, पण मला तो नको आहे.

पत्ती या पाकिटात आहे. कापसात गुंडाळून वर सुती चिंधी बांधलीय, पोस्टातल्या बाई हात लावून विचारतीलच, दागिना आहे का? नाही म्हणेन. तुमची आहे, तुम्ही ठेवा, फेका, अक्कांच्या अंगणात पुरा. फक्त पोस्टानं परत पाठवू नका. मी घेणार नाही.

शिल्पा